गुलामांच्या बेटावरचा शाहीर : बॉब मार्ले

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका परदेशी गायकावर लेख कशाला, असे आपली जुनी मंडळी विचारतील. कारण साधे आहे. भीमजयंतीच्या मिरवणुकीत आपली काही पोरे ज्याच्या चेहऱ्याचा टी-शर्ट घालून नाचतात, तो जटावाला माणूस कोण हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नाही. कुणी म्हणतो गांजावाला, कुणी म्हणतो अमेरिकेचा हिरो. तो अमेरिकेचा नव्हता. तो जमैकाचा होता, गुलामांच्या वंशातला होता.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातले लहानसे बेट. इंग्रजांनी ते १६५५ साली स्पेनकडून जिंकले आणि उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसे साखळदंडात बांधून आणली. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर केली. कुणाला? तर मालकांना! ज्यांच्या पाठीवर कोरडे पडले त्यांना दमडीसुद्धा नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३८ पर्यंत त्यांना त्याच मळ्यांत राबवले. पुढे १८४५ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. गांजा हा शब्द तिकडे गेला तो या मजुरांच्या तोंडून, बरं का. गुलामीचे हे दुखणे आपल्याकडे प्रथम ओळखले महात्मा फुल्यांनी. १८७३ सालचे 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले.

याच जमैकातल्या सेंट ॲन परगण्यात १८८७ साली मार्कस गार्वे जन्मले. काळ्या माणसाने स्वतःची लाज बाळगू नये, स्वतःची संघटना, स्वतःचा धंदा उभा करावा, हे त्यांनी जगभरच्या काळ्या लोकांना सांगितले. अमेरिकेने त्यांना तुरुंगात टाकले आणि १९२७ साली देशाबाहेर घालवले. १९३७ साली कॅनडातल्या भाषणात त्यांनी एक फार मोलाची गोष्ट सांगितली : शरीराच्या बेड्या दुसरा कुणी तोडू शकेल, पण मनाची गुलामी ज्याची त्यानेच तोडायची असते. बाबासाहेबांच्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

त्याच सेंट ॲनमध्ये, नाइन माइल नावाच्या डोंगराळ खेड्यात, ६ फेब्रुवारी १९४५ रोजी बॉब जन्मला. आई काळी, वय अवघे अठरा-एकोणीस. बाप गोरा, उतारवयाचा, मुलाकडे न फिरकणारा. पुढे मायलेक राजधानी किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊन या गरिबांच्या वस्तीत आले. बॉब वेल्डिंगच्या कामाला लागला. एकदा लोखंडाचा कण डोळ्यात गेला, तेव्हापासून मन गाण्याकडेच वळले. त्या वस्तीत जो हिग्ज नावाचे गायक आपल्या अंगणात पोरांना एक पैसा न घेता गाणे शिकवत. तिथेच बॉब, पीटर टॉश आणि बनी लिव्हिंगस्टन तयार झाले आणि १९६३ साली 'वेलर्स' हा त्यांचा संच उभा राहिला. १९६४ ला गाणे गाजले, पण पैसा रेकॉर्ड काढणाऱ्याच्या खिशात. म्हणून बॉब १९६६ साली आईकडे अमेरिकेत गेला आणि तिथे काही काळ मजुरी केली. पुढे तो परत मोटारीच्या कारखान्यातही राबला. 'नाइट शिफ्ट' नावाचे त्याचे एक गाणे आहे, ते या अनुभवावरचे. गिरणीत रात्रपाळ्या काढलेल्या माणसाला त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको.

१९७२ साली लंडनच्या आयलंड कंपनीने त्याला हात दिला आणि रेगे जगभर गेले. त्याच सुमारास, १९७२ मध्येच, अमेरिकेच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन आपली दलित पँथर मुंबईत उभी राहिली. दोघांची गाठ कधी पडली नाही, पण हवा एकच होती.

आता एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. बॉब रास्ताफारी पंथाचा होता. हा पंथ इथिओपियाचा राजा हैले सेलासी याला देव मानतो आणि गांजाला पवित्र मानतो. पंचशील घेतलेल्या माणसाला यातले काहीच पटणार नाही. जिवंत राजाला देव करणे म्हणजे एक बेडी काढून दुसरी घालणे. राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेलाच आहे. मात्र हेही खरे की त्या पंथाच्या गरीब लोकांना पोलिसांनी झोडपले, त्यांच्या जटा कापल्या, आणि तरी त्यांनी आफ्रिकेचे नाव ताठ मानेने घेतले. बॉबमधले घ्यायचे ते हे.

त्याची छाती किती मोठी होती ते १९७६ साली दिसले. जमैकात दोन राजकीय पक्षांच्या टोळ्या एकमेकांचे मुडदे पाडत होत्या. जाहीर कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, ३ डिसेंबरला, बंदूकवाले त्याच्या घरात घुसले. गोळी त्याच्या छातीला चाटून दंडात शिरली, बायको रीटाच्या डोक्याला जखम झाली. ५ तारखेला तो हजारो लोकांपुढे गायला उभा राहिला. २२ एप्रिल १९७८ च्या शांतता कार्यक्रमात त्याने पंतप्रधान मायकल मॅन्ली आणि विरोधी नेते एडवर्ड सिआगा यांना मंचावर बोलावून दोघांचे हात एकमेकांत दिले. फोटो जगभर गाजला. पण १९८० च्या निवडणुकीत पुन्हा शेकडो माणसे मेली. हात मिळाले, टोळ्या तशाच राहिल्या.

एप्रिल १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाला, त्या सोहळ्याला तो स्वतःच्या खर्चाने गेला. स्टेडियमबाहेर अडवलेली गरीब जनता आत घुसू लागली तसा पोलिसांनी अश्रुधूर सोडला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गायला, आदल्या रात्री बाहेर राहिलेल्यांसाठी. त्याच वर्षी 'रिडेम्प्शन साँग'मध्ये त्याने गार्वे यांचा तो मनाच्या गुलामीचा विचार घेतला. ज्यांनी गार्वेचे पुस्तक कधी हातात धरले नाही, त्यांच्या घरात तो गाण्यातून पोचला. आपल्याकडे जलशांनी आणि वामनदादा कर्डकांनी दुसरे काय केले?

कर्करोगाने ११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो गेला. सरकारी इतमामात अंत्ययात्रा निघाली आणि नाइन माइललाच त्याला पुरले. १९८४ साली कंपनीने 'लेजेंड' नावाचा निवडक गाण्यांचा संग्रह काढला, तो कोट्यवधी खपला. त्यात प्रेमाची, आनंदाची गाणी भरपूर आहेत. पण १९७९ च्या 'सर्व्हायव्हल'मधले एकही नाही. त्या 'सर्व्हायव्हल'च्या वेष्टनावर आफ्रिकी देशांचे झेंडे आहेत आणि गुलामांनी खच्चून भरलेल्या जहाजाचा नकाशा आहे. आमच्या ज्या पोरांना बॉब ऐकायचा असेल, त्यांनी आधी तो ऐकावा.