फेसाचा इतिहास

विहिरीचं पाणी जड असलं म्हणजे काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. साबण घासघासून हात दुखतात, पण फेस काही येत नाही. उलट बादलीच्या कडेला पांढरट साका तेवढा जमतो. चुनखडीतून पाझरलेल्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार असतात. साबण त्या क्षारांशीच जखडला जातो, आणि मळापर्यंत पोहोचतच नाही. मग त्याच पाण्यात शाम्पूच्या चार थेंबांना एवढा फेस कसा येतो? याचं उत्तर शोधायला आपल्याला थोडं इतिहासात शिरलं पाहिजे.

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिश आरमारानं जर्मनीची नाकेबंदी केली. परदेशातून येणारी तेलं नि चरबी बंद झाली. जी होती ती खायलाच पुरेना, मग साबणाला कुठून आणायची? १९१६ साली बीएएसएफ कंपनीतल्या फ्रिट्झ ग्युंटर या रसायनज्ञानं दगडी कोळशाच्या डांबरातलं नॅप्थलीन, म्हणजे आपल्या ट्रंकेतल्या डांबरगोळीचा पदार्थ, घेऊन साबणाला पर्याय तयार केला. कापड भिजवायला तो चांगला होता. मळ काढायला मात्र बेताचाच.

पुढं १९३० च्या सुमारास, केम्निट्झ या कापडगिरण्यांच्या जर्मन गावी, हाइन्रिश बेर्च यानं वेगळी वाट धरली. त्यानं तेला-चरबीपासून अल्कोहोल केलं, त्यावर गंधकाम्लाची क्रिया केली आणि मग ते कॉस्टिक सोड्यानं शमवलं. याच रीतीनं खोबरेल तेलापासून होतो तो सोडियम लॉरिल सल्फेट. आपल्या कोकणातल्या नारळाच्या तेलात जवळजवळ निम्मा भाग ज्या लॉरिक आम्लाचा असतो, त्याचाच हा नातलग. जड पाण्यात याचा साका होत नाही. म्हणून १९३२ मध्ये जर्मनीत 'फेवा' ही धुण्याची पूड, १९३३ मध्ये अमेरिकेत 'ड्रेफ्ट' आणि १९३४ मध्ये 'ड्रीन' हा शाम्पू, अशी या कुळाची मंडळी बाजारात आली.

इथवर सगळं छान. पण दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलापासून आणखी स्वस्त माल निघू लागला. त्याच्या रेणूच्या साखळीला फांद्या फुटलेल्या होत्या, आणि पाण्यातल्या जंतूंना त्या पचवता येईनात. घरोघरचं धुण्याचं पाणी नदीला मिळालं, आणि १९५० नंतर जर्मनीत नि इंग्लंडात नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले! अखेर १९६१ साली पश्चिम जर्मनीनं कायदा केला. १९६४ पासून तो अमलात आला. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतले कारखानदारही सरळ साखळीच्या, जंतूंना पचणाऱ्या मालाकडे वळले.

रेणू सुधारला, पण माणूस सुधारला का? आज दिल्लीजवळ यमुनेवर पांढरे ढीग दिसतात, ते मुख्यतः शुद्ध न करता सोडलेल्या सांडपाण्यामुळं. पचणारा पदार्थसुद्धा नदीच्या ताकदीबाहेर ओतला, तर ती बिचारी काय करणार?

आणि एवढा फेस लागतो तरी कशाला? आपल्या आजीच्या शिकेकाईला फेस बेताचाच यायचा. केस काही मळके राहत नव्हते. मळ सुटतो तो रेणूच्या करणीनं. त्याचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. फेस हा नुसता वरचा देखावा.

गुरुजींनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. दोन बाटल्यांत विहिरीचं पाणी घ्यावं, दोनांत पावसाचं. प्रत्येक जोडीतल्या एकीत साबणाचा कीस नि दुसरीत शाम्पूचा थेंब टाकून चारही बाटल्या हलवाव्यात. मुलं आपणच कारण विचारतील. तेव्हा त्यांना हा इतिहास सांगावा, आणि ओढ्याच्या धारेत पुडा रिकामा करू नये, हेही सांगावं.