जुन्या ‘पोर्श ९११’चा फ्युएल फिल्टर निवडताना

जुन्या स्पोर्ट्स कारसाठी इंधन गाळणी, म्हणजेच फ्युएल फिल्टर, केवळ गाडीचे नाव व साल सांगून घेतल्यास फसगत होण्याचा संभव असतो. ‘पोर्श ९११’ हे याचे ठळक उदाहरण होय. १९७४च्या मॉडेलच्या अमेरिकेतील ९११ गाड्यांना बॉश कंपनीची ‘के-जेट्रॉनिक’ इंजेक्शन यंत्रणा होती. त्याच सालच्या युरोपीय ‘कॅरेरा २.७’मध्ये मात्र आधीचा यांत्रिक इंजेक्शन पंपच कायम होता. १९८४पासून ‘मोट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. त्यामुळे इंजिनावर कोरलेला क्रमांक व मूळ भागसूची पडताळूनच फिल्टर मागवावा.

‘के-जेट्रॉनिक’मध्ये इंधनाचा दाब सुमारे ५ बार असतो; कार्ब्युरेटरच्या गाडीत तो अर्ध्या बारपेक्षाही कमी. कार्ब्युरेटरसाठीचा प्लॅस्टिकचा स्वस्त फिल्टर येथे बसविणे म्हणजे आगीला आमंत्रणच, कारण ही गाळणी इंजिनकक्षातच असते. धातूच्या कवचाचाच फिल्टर घ्यावा. तो बाहेरून हुबेहूब दिसला तरी आट्यांचे माप जुळेलच असे नाही. आत कचरा गेल्यास इंधनवाटपाचा बारीक दट्ट्या अडकतो आणि तो भाग फिल्टरच्या कित्येक पट महाग पडतो.

कवचावरील बाण इंधनाच्या प्रवाहाच्या दिशेने ठेवावा, वॉशर नवे वापरावेत. इंजिन बंद केल्यावरही नळ्यांत दाब टिकून राहतो. तो उतरविल्याशिवाय जोड सैल करू नये.