रुग्ण घरातच आहे का? वायफाय आणि ब्लूटूथने खात्री करण्याचे स्वस्त मार्ग

जून 2020 मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयात कोरोनासाठी दाखल झालेल्या भुसावळच्या 82 वर्षांच्या आजी 2 तारखेपासून बेपत्ता होत्या. पोलिसांत तक्रार झाली. 10 जूनला त्यांचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला.

म्हणून पहिली सूचना यंत्राची नाही. वृद्ध किंवा गोंधळलेला रुग्ण दिसेनासा झाला, तर आधी संडास, न्हाणीघर, गच्ची, जिन्याखालची जागा आणि बंद खोल्या डोळ्यांनी पाहा. पंधरा मिनिटांत सापडला नाही तर 112 वर पोलिसांना कळवा. खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. अशा उन्हात भटकणाऱ्या वृद्धाला उष्माघात व्हायला फार वेळ लागत नाही.

जीपीएस घरात का चालत नाही?

जीपीएसचा संदेश उपग्रहाकडून येतो. स्लॅब आणि भिंतींतून येताना तो क्षीण होतो. त्यामुळे मोबाईलवरचा ठिपका कधी घरात, कधी समोरच्या गल्लीत दिसतो. घरातल्या राउटरचा वायफाय सिग्नल मात्र जवळचा असतो. जवळ गेल्यावर तो जोरदार होतो, भिंतीआड मंद होतो. हा फरक मोजला की माणूस साधारण कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. यासाठी नवे जाळे बसवावे लागत नाही.

घरी काय करता येईल?

रुग्ण स्वतःचा मोबाईल सतत जवळ ठेवत असेल, तर राउटरच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी पाहा. त्यात त्याचा मोबाईल दिसला, तर मोबाईल घराच्या आसपास आहे एवढेच कळते. ओट्यावर किंवा शेजारच्या अंगणात बसले तरी तो जोडलेलाच राहतो. उलट, झोपेत गेलेला मोबाईल बॅटरी वाचवण्यासाठी वायफाय सोडूही शकतो. त्यामुळे यादीतून नाव गेले म्हणजे माणूस बाहेर गेला, असे धरू नका. मोबाईल वायफायवर बदलता पत्ता वापरत असेल, तर घरच्या जाळ्यापुरता तो स्थिर ठेवा. नाहीतर राउटर त्याला दरवेळी नवा समजू शकतो.

डिमेन्शियाचे रुग्ण मोबाईल कुठेही ठेवून जातात. त्यांच्यासाठी ब्लूटूथ टॅग बरा. तो मनगटावर किंवा सदऱ्याच्या आतल्या खिशात शिवून ठेवता येतो. घरात पडून असलेले जुने मोबाईल दोन-तीन खोल्यांत चार्जिंगला लावा आणि सिग्नल मोजणारे मोफत ॲप त्यांत टाका. ज्या मोबाईलला टॅग सर्वांत जोरात ऐकू येतो, ती खोली. सिग्नलचे आकडे उणे असतात. उणे 45 म्हणजे जवळ, उणे 85 म्हणजे लांब.

हे लावल्यावर चाचणी घ्याच. टॅग प्रत्येक खोलीत पाच मिनिटे ठेवून आकडे वहीत लिहा. एकदा सकाळी आणि एकदा रात्री दारे लावून झाल्यावर. धाब्याच्या जुन्या घराच्या जाड भिंती आणि पत्र्याच्या खोल्या सिग्नल बराच अडवतात. माणसाचे शरीरही अडवते, कारण त्यात बहुतांश पाणी असते. रुग्ण टॅगवर कुशी होऊन झोपला की आकडा घसरतो आणि तो दूर गेल्यासारखे वाटते. वीज गेली की राउटर बंद पडतो. तो इन्व्हर्टरवर घ्या.

टॅग घराबाहेर गेला तर जवळून जाणाऱ्या इतरांच्या मोबाईलमार्फत त्याचा ठावठिकाणा कळतो. धुळ्याच्या किंवा जळगावच्या बाजारात हे जमते. साक्रीकडच्या एखाद्या पाड्यावर तासन्‌तास काहीच कळणार नाही. तिथे दाराला वाजणारी घंटा लावणे जास्त भरवशाचे, आणि मला तर शहरातही ती आधी लावावीशी वाटते.

यातून काय कळत नाही?

टॅग न्हाणीघरात आहे एवढे कळेल. रुग्ण आंघोळ करतोय की पडलाय, हे कळणार नाही. नेहमीपेक्षा जास्त वेळ झाला तर हाक मारा, उत्तर नाही आले तर आत जा. त्यासाठी बाहेरून उघडता येईल अशी कडी आधीच बसवा. पुण्या-सुरतेहून ॲप पाहणाऱ्या मुलांनी घराजवळच्या एका माणसाकडे किल्ली आणि फोन नंबर ठेवावा. ॲपवर काही वेगळे दिसले, तर प्रत्यक्ष जाऊन पाहणारा कोणीतरी हवा.

रुग्णाला समजत असेल तर त्याला विचारूनच टॅग लावा. समजत नसेल तरी घरात सर्वांना सांगून लावा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

कालपर्यंत ठीक असलेली व्यक्ती एक-दोन दिवसांत बरळू लागली, रात्री उठून फिरू लागली, तर टॅग शोधत बसू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखर कमी होणे, लघवी अडकणे, नवे औषध अशी कारणे असू शकतात. त्यातली बरीच उपचाराने बरी होतात. त्याच दिवशी तपासणी करून घ्या.

पेसमेकर असलेल्यांनी टॅग त्यापासून किमान 15 सेंटिमीटर दूर ठेवावा, म्हणजे छातीच्या खिशात नको. पुष्कळ टॅगमध्ये बटणासारखा सेल असतो. नातवंडाने किंवा गोंधळलेल्या रुग्णाने तो गिळला, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवू नका, लक्षणांची वाट पाहू नका. 108 ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात न्या, आणि टॅगचे रिकामे खोके सोबत घ्या.