फिरंग आणि तिची मूठ

अंजनवेलच्या गोपाळगडावरून खाडीपलीकडे दाभोळ दिसते. पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा बंदरांतून परदेशी माल देशावर जाई. युरोपातली तलवारीची पातीही समुद्रमार्गेच आली. मुठी मात्र इथे चढल्या.

जपानी तलवारीची लाकडी मूठ बांबूची खुंटी काढली की सुटते. आपल्याकडे लोखंडी मुठीत तापवलेली लाख ओतून पाते पक्के करीत. पाते बदलायचे तर पुन्हा विस्तव!

शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवलेली रघूजी भोसल्यांची तलवार पाहावी. पाते युरोपी, मूठ मुल्हेरी घाटाची. पाठीवर सोनेरी देवनागरीत धन्याचे नाव आणि पुढे निःसंकोच ‘फिरंग’. परकेपण लपवावे असे त्या कोरणाऱ्याला वाटलेले दिसत नाही. आपल्या शुद्धतावादी समीक्षेला मात्र हा शब्द अजून खुपतो.