खळ्यावरचे खेळ आणि सालगडी

शेतीचा इतिहास सांगताना जमीन, सारा, पाऊसपाणी यांची नोंद होते. त्या शेतात राबणारा सालगडी घटकाभर विरंगुळा कसा मिळवीत असे, याची नोंद क्वचितच आढळते. वास्तविक पश्चिम महाराष्ट्रातील कुस्ती व हुतूतू यांचे पोषण शेतमळ्यांतच झाले आहे.

सालगड्याचे साल पाडव्याला सुरू होई. घेतलेली उचल फिटेपर्यंत अनेकांना मालकाचे घर सोडता येत नसे. अशी वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती १९७६ साली. वैरण, मोट, नांगर यांतच दिवस सरे. सवड मिळे ती सुगीत. मळणी आटोपली की उफणणीला वारा हवा. वारा पडला म्हणजे तिवईवरचा गडी पाटी घेऊन खाली उतरे, आणि मालकालाही कोणास कामाला जुंपता येत नसे. वारा काही कोणाच्या हुकमातला नव्हे! सारवलेले खळे उखडू नये म्हणून शेजारच्या रिकाम्या वावरात रेघा ओढून हुतूतूचा वा आट्यापाट्यांचा डाव मांडला जाई. या खेळांना साहित्य लागत नाही, पैसा लागत नाही. लागतो तो दम आणि चपळ पाय. मालकाचा मुलगा एका बाजूस आणि गडी दुसऱ्या बाजूस, असेही होई. एरवी मान खाली घालून वावरणाऱ्या गड्याने धन्याच्या मुलाला मांडीला धरून पाडले, तरी त्याचा राग धरायचा नाही असा संकेत होता. डाव मोडला की पुन्हा ज्याची त्याची पायरी.

जत्रेच्या फडात हीच माणसे उतरत. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर सुटत, मोठ्यांच्या नारळावर, फेट्यावर, रोख इनामावर. तथापि एक गोष्ट देवळाच्या स्मरणिकेतही झाकून ठेवता येणार नाही. तांबडी माती सर्वांची असे म्हटले जाई, पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या गड्यांना गावच्या तालमीचे दार बहुतेक ठिकाणी बंदच असे.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारले आणि खेड्यांतील मल्लांना मोठा आखाडा मिळाला. कराडजवळील गोळेश्वर गावच्या शेतकरी कुटुंबातील खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते परतले तेव्हा स्वागताच्या मिरवणुकीत शंभरावर बैलगाड्या होत्या.

हुतूतू पुढे कबड्डी या नावाने १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पोहोचला आणि आता तो मॅटवर खेळला जातो. खळ्यावर मात्र मळणीयंत्र आले. दिवसांचे काम तासांवर आले, उफणणीसाठी वाऱ्याची वाट पाहणे उरले नाही, आणि वारा पडल्यावर मिळणारी ती सवडही गेली.