‘प्ली’ आणि ‘प्लीड’ : कबुली की काकुळती?

इंग्रजी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ‘प्ली’ हा शब्द वारंवार आढळतो. ‘बेल प्ली’ म्हणजे जामीनअर्ज, ‘मर्सी प्ली’ म्हणजे दयेचा अर्ज, तर बेपत्ता मुलासाठी आईने केलेली ‘टिअरफुल प्ली’ म्हणजे अश्रू ढाळत केलेली विनवणी. शब्द एकच, पण शेजारचा शब्द बदलला की अर्थही बदलतो.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘प्लासिटम’ म्हणजे ‘जे रुचले, मान्य झाले ते’ या शब्दात आहे. ‘प्लीज’ हा शब्दही त्याच धातूपासून आला. जुन्या फ्रेंचमधून ‘प्ली’ इंग्रजीत आला तो ‘दावा, खटला’ या अर्थाने. विनवणीचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

न्यायालयात आरोप वाचून दाखविल्यावर आरोपी जे उत्तर देतो, ती त्याची ‘प्ली’. असे उत्तर नोंदविणे म्हणजे ‘एंटर अ प्ली’. ‘प्लीड गिल्टी’ म्हणजे गुन्हा कबूल करणे. त्यात याचना नाही. ‘प्लीड नॉट गिल्टी’ म्हणजे आरोप नाकारणे. तो सिद्ध करण्याची जबाबदारी मग सरकार पक्षावर येते. गुन्ह्याच्या नावाआधी ‘टू’ येते, ‘फॉर’ नव्हे : ‘प्लीड गिल्टी टू थेफ्ट’. बचावाची भूमिका सांगताना मात्र मध्ये काहीच लागत नाही : ‘प्लीड सेल्फ-डिफेन्स’, ‘प्लीड इन्सॅनिटी’. घटनेच्या वेळी आपण अन्यत्र होतो, हा बचाव म्हणजे ‘प्ली ऑफ अ‍ॅलिबाय’.

‘प्ली बार्गेनिंग’ म्हणजे सौम्य शिक्षेच्या बदल्यात कबुली देण्याची तडजोड. भारतात ही तरतूद ५ जुलै २००६पासून लागू झाली. १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे.

भावनिक विनवणीत शब्दयोजना वेगळी असते. ज्याला विनवायचे त्याच्या आधी ‘विथ’ आणि जे मागायचे त्याच्या आधी ‘फॉर’ : ‘शी प्लीडेड विथ द डॉक्टर फॉर हेल्प’. यातील ‘विथ’ गाळणे ही नेहमीची चूक. कळकळीच्या विनवणीला ‘हार्टफेल्ट’ वा ‘इम्पॅशन्ड’, तर अगतिक विनवणीला ‘डेस्परेट’ हे विशेषण लागते. ती कोणी ऐकलीच नाही, तर ‘फेल ऑन डेफ इअर्स’. ‘प्लीड इग्नरन्स’ या दोहोंच्या मधले : ‘मला ठाऊक नव्हते’ अशी सबब सांगणे.

हा भेद केवळ व्याकरणापुरता नाही. ब्रिटनमध्ये वाहतुकीच्या अनेक किरकोळ गुन्ह्यांत टपालाने वा ऑनलाइन ‘प्ली’ कळविता येते. तेथे शिकणाऱ्या एखाद्या मराठी विद्यार्थ्याने दिलगिरी समजून ‘गिल्टी’पुढे खूण केली, तर त्याचा अर्थ क्षमायाचना होत नाही. ती गुन्ह्याची कबुली ठरते आणि तिच्या आधारे दोषी ठरविले जाते.

मराठीतही असा दुहेरी शब्द आहेच. दिवाणी दाव्यात प्रतिवादीने दिलेले लेखी उत्तर म्हणजे ‘कैफियत’. आणि मनातले दुःख कोणापुढे मांडायचे, तर तीही ‘कैफियत’च.