ऑनलाइन प्रोग्रामर नेमताना

संकेतस्थळ किंवा मोबाइल अ‍ॅप तयार करण्यासाठी इंटरनेटवरून मुक्त प्रोग्रामर नेमणे आता सोपे झाले आहे. मात्र पैसे मोजले म्हणजे प्रोग्राम आपला झाला, असे कायदा मानत नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती ठरते. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीत लिहिलेल्या प्रोग्रामचा स्वामित्वहक्क सामान्यतः कंपनीकडे असतो. मुक्त प्रोग्रामरच्या बाबतीत, लेखी करार नसल्यास, तो त्याच्याकडेच राहतो. हक्काच्या हस्तांतरणासाठी कलम १९ प्रमाणे त्याच्या सहीचा लेखी करार आवश्यक आहे. करारात मुदत नमूद नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांपुरते आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरतेच धरले जाते.

याखेरीज पुढील दक्षता घ्यावी :

* कामाची व्याप्ती, टप्पे व मुदत आधीच लिहून काढावी.
* मोठे काम सोपवण्यापूर्वी एक छोटे काम मोबदला देऊन करून घ्यावे.
* रक्कम टप्प्याटप्प्याने, शक्यतो 'एस्क्रो' पद्धतीने द्यावी. यात पैसे मध्यस्थाकडे राहतात व काम मंजूर झाल्यावरच प्रोग्रामरला मिळतात. मध्यस्थाला वगळून परस्पर पैसे दिल्यास हे संरक्षण उरत नाही.
* डोमेन व होस्टिंगची नोंदणी स्वतःच्या नावावर करावी.
* चाचणीसाठी ग्राहकांची खरी माहिती देऊ नये.
* प्रत्येक टप्प्याला सोर्स कोड ताब्यात घ्यावा आणि काम संपताच सर्व पासवर्ड बदलावेत.